फोटोत मोकळी दिसलेली जागा

लहान लेकरू गेलं की आमच्याकडं जाळत न्हाईत, पुरतात. ओढ्याकाठच्या माळावर नेतात, वर दगड अन् बोराटी टाकतात, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. आईनं सोबत जायचं न्हाई. हा नियम कुणी काढला अन् काहून काढला, देव जाणे! माझी पोरगी गेली तेव्हा मी बाळंतपणाच्या बाजेवरच होते. घरधनी रिकाम्या हातानं परत आले, अंघोळ केली, अन् बसले. नंतर जागा विचारली की उठून बाहेर जायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच माळावर सोयाबीनचं गोदाम बांधायचं ठरलं. नकाशा करणारा साहेब शहरातून आला. मारुतीच्या ओट्यावर बसून त्यानं टॅबवर फोटो दाखवला. कुठल्याशा खासगी कंपनीच्या उपग्रहानं वरून काढलेला, विकत आणलेला. अगं बाई, काय तो फोटो! बाभळीखालची माझी म्हैस दिसत होती, पत्र्यावर वाळत घातलेली गोधडी दिसत होती. अन् माळाभोवती लाल रेघ ओढून लिहिलं होतं, मोकळी जागा.

"उद्या मशीन लावून सपाट करू," साहेब म्हणाला. "तिथं काहीच नाहीये."

माझं डोकं सणकलं. गावाच्या बैठकीत बाया लांब उभ्या राहतात, मी पदर खोचून पुढं गेले. "तुमच्या उपग्रहाला म्हैस दिसती, अन् आमची लेकरं दिसत न्हाईत व्हय? माझी पोरगी हाये तिथं!"

"नेमकी कुठं, दाखवा ताई." त्यानं टॅब माझ्यापुढं धरला. माणूस वाईट नव्हता. पण मी काय दाखवणार, कप्पाळ! मला कुठं ठाऊक होतं? ठाऊक असलेले सगळे पुरुष जमिनीकडं बघत बसलेले. साहेबापेक्षा मला त्यांचाच राग आला. "बोला की आता! तुमीच नेली होती ना लेकरं?"

घरधनी उठले. डोळे बारीक करून त्यांनी फोटो न्याहाळला अन् ओढ्याच्या वळणावरच्या दोन खडकांच्या मधे बोट ठेवलं. "हितं." त्यांच्यामागं बाकीचेही एकेक उठून फोटोजवळ यायला लागले.

मी थांबले न्हाई. सरळ माळाकडं निघाले.

"बायांनी तिकडं जाऊ नये," मागून कुणीतरी म्हणलं.

"मी जाऊन राहिले. हिंमत असंल तर अडवा!"

दोन खडकांच्या मधे मांडी घालून बसले. मातीवर हात ठेवला, पोटभर रडले. मग ओट्याकडं तोंड करून ओरडले, "आणा आता मशीन! आधी माझ्यावरून घाला."

तेवढ्यात सासू धापा टाकत येताना दिसली. मला वाटलं, हाताला धरून घरी न्यायला आली. ती माझ्या बाजूनं पुढं गेली अन् बोरीच्या झुडपापाशी खाली बसली.

"तुझ्या सासऱ्यानं आत्ता दाखवलं," ती म्हणाली. "माझं पहिलं लेकरू."