गार दूध

त्या दुष्काळात मी लिंबागणेशच्या बाजूच्या एका गावात सहकारी संस्थेच्या केंद्रावर दूध मोजून घ्यायला बसायचो. प्यायला पाणी नव्हतं म्हणून बायको-लेकरांना सासुरवाडीला धाडलेलं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, बरीचशी जनावरं चारा छावणीत. सकाळच्या रांगेत मोजकी माणसं उरली होती. मी मुळातच तुसडा. म्हटलं बरं झालं, कटकट कमी. संध्याकाळी मात्र खोलीतल्या रेडिओशी भांडत बसायचो.

रांगेत एक मावशी असायच्या. नवरा वारलेला, मुलगा-सून तोडीवर. आणायच्या लिटरभरच दूध, पण बोलायच्या घागरभर. कोणाच्या बोअरला पाणी लागलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्यांच्याकडून कळायचं. माप झालं तरी त्यांचा पाय निघायचा नाही.

एकदा त्यांची किटली हातात घेतली आणि चपापलो. किटली गार होती. नुकतंच काढलेलं दूध कोमट असतं, हे लहान लेकरालाही ठाऊक. रांग पांगल्यावर विचारलं.

"मावशी, दूध गार कावून हाय?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "गाय इकली, बाबा. छावणीत कोन राहील तिच्यासंगं? मांजरसुंब्याहून जीपवाल्याकडनं दुधाची पिशवी मागवते."

माझं डोकंच फिरलं. "आवं, महागाची पिशवी घेऊन हितं स्वस्तात घालताय? याड लागलंय का?"

"घरात दिसभर भिंती बघते. टँकरवर तर नुसती भांडनं. हितं चार मानसं इचारत्यात, मावशी, बरी हाईस का. तेवढ्यासाठी येते."

विकतचं दूध घ्यायची संस्थेला मनाई होती. मी म्हणालो, "दूध नका आनू. नुसत्या येत जा."

"रिकाम्या हातानं? लोक म्हनतील, म्हातारीला काम न्हाई, आली बसायला." किटली उचलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, नंतरही नाहीत. रांग पटकन संपायला लागली. मी उगाच लोकांवर खेकसायचो, रिकाम्या केंद्रात उशिरापर्यंत बसून राहायचो. मला करमत नव्हतं. माणूस टँकरसमोर ओरडून पाणी मागतो, त्याची त्याला लाज वाटत नाही. माझ्याशी दोन शब्द बोला, असं मात्र कोणाच्या तोंडून निघत नाही. त्यासाठी हातात किटली लागते. मावशींकडे ती होती, माझ्याकडे संस्थेचं माप होतं. त्या येईनाशा झाल्या तेव्हा कळलं की सकाळची वाट मीही त्यांच्यासाठीच बघायचो.

शेवटी एका संध्याकाळी जीपवाल्याला थांबवलं, दुधाची पिशवी घेतली आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेतच ठरवलं होतं.

"मावशी, खोलीवर दूध उरलंय. नासून जाईल, म्हनून आनलं."

त्यांनी पिशवी हातात घेतली, गालाला लावून बघितली. माझ्याकडे बघून हसल्या.

"लई गार हाय रं," म्हणाल्या, आणि दोघांचा चहा चुलीवर ठेवला.