बिब्ब्याचा डाग

लसीच्या दिवशी आमच्या गल्लीत डॉक्टरांचा सुकाळ होतो. स्वतःचा गुडघा दुखला तर मंठ्याच्या दवाखान्यात जायचा कंटाळा करणाऱ्या बायका दुसऱ्याच्या लेकराचा ताप उतरवायला मात्र पदर खोचून येतात. मी त्यांना मनातल्या मनात फार हसायचे. मी बीएस्सी ना, तेही केमिस्ट्री घेऊन!

लेक दीड महिन्याची झाली तेव्हा अंगणवाडीत तिला पहिल्या सुया दिल्या. आशाताई प्रत्येक आईला तेच सांगत होती, "ताप येईल, मांडी सुजंल, घाबरू नका. अंगावर पाजा, तापाचे थेंब द्या. सुईच्या जागी काही लावू नका. ताप उतरला न्हाई तर मला बोलवा." दहावी शिकलेल्या बाईने मला शिकवावं, याचा मला रागच आला. मी मान डोलावली आणि निघाले.

संध्याकाळी पोरगी तापली. मांडी लाल, कडक; हात लावू देईना. माझं अर्धं शहाणपण तिथेच गळालं. गल्लीतल्या बायका जमल्या. सासूबाईंनी दिव्यावर बिब्बा तापवला. म्हणाल्या, "एक ठिपका देते, गाठ बसून जाईल." बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नको म्हटलं आणि पोरीला काही झालं, तर बोल माझ्यावर येणार. मी तिचा पाय धरून बसले. एवढंच माझं शिक्षण.

ताप दुसऱ्या दिवशी थेंबांनी उतरला. ठिपक्याच्या जागी मात्र फोड आला, फुटला, चिघळला. बघायला येणारी प्रत्येक जण म्हणायची, "सुई पिकली." मी म्हणायचे, "हो, सुईनंच झालं." सासूबाई गप्प असायच्या.

पुढच्या महिन्यात लसीला मी सोडून गल्लीतली एकही बाई आली नाही. शेजारणीचं पोरगं तेव्हा दीड महिन्याचं झालेलं. त्याच्या पहिल्याच सुया राहिल्या. आशाताईने लेकीच्या जखमेची काळी कड पाहिली आणि हळूच विचारलं, "बिब्बा ना?" मी नाही म्हणाले. तिने वाद घातला नाही. बायका का आल्या नाहीत म्हणून आरोग्य केंद्राच्या साहेबांनी तिला माझ्यादेखत झापलं, तरी तिने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. लाजेने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन मी शेजारणीच्या दारात गेले. "सुईनं काही झालं नाही. आम्ही बिब्बा लावला होता."

ती हसली. "शिकलेली बाई बिब्बा लावती का, वहिनी? आशाताईनं पढवून पाठवलं तुम्हाला."

माझी पदवी पहिल्यांदाच कामाला आली, तीही उलटी.

तेवढ्यात आमच्या ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "म्याच तापवला व्हता बिब्बा. पाय हिनं धरला."

"मंग इतके दिवस बोलल्या का न्हाई?"

"मला वाटलं, बिब्ब्यानंच झालं. पण ही शिकलेली. ही सुईनं झालं म्हणली, मंग म्हटलं, बराबर असंल."

शेजारीण पोराचं लसीचं कार्ड शोधायला आत गेली. मी तिथेच उभी राहिले. सासूबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.