माझ्या हातून झालं

"हात पुढे करा."

मी केला. सूनबाईंनी माझा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सरांच्या डाव्या दंडावर ठेवला. दंडावर चार काळेनिळे डाग होते. माझं एकेक बोट त्यांनी एकेका डागावर बसवून बघितलं. बसलं. बसणारच. माझीच बोटं होती ती.

"बघ," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तंतोतंत."

साहेब, म्हणजे त्यांचा नवरा, सरांचा मुलगा, मोबाईलवर फोटो काढत होते. कोथरूडमधला चौथा मजला, सकाळचे अकरा, आणि माझा हात त्यांनी असा धरलेला, जशी बाजारात भेंडी मोडून बघतात. सर हॉलमधल्या पलंगावर टेकून बसलेले. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांनी दंड मागे ओढला आणि घशातून मोठा आवाज काढला. दोन वर्षं मी त्यांचं सगळं करत होते, त्यांचा प्रत्येक आवाज मला कळायचा. तो संतापाचा होता.

सूनबाई म्हणाल्या, "घाबरतायत तिला, बिचारे."

दोन वर्षं मी 'मावशी' होते. त्या सकाळी 'ती' झाले.

खरं काय झालं होतं, तर आदल्या दिवशी दुपारी सरांना अंघोळ घालून उठवत होते. ओली फरशी, पाय सटकला. मागे नळाची तोटी. डोकं तिच्यावर आपटलं असतं तर खेळ खल्लास होता. मी दंडाला गच्च धरलं, सगळा भार अंगावर घेतला आणि त्यांना माझ्या मांडीवर बसवलं. माझाच गुडघा फुटला. सरांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. अशा माणसाला नुसतं जोरात धरलं तरी डाग उठतो, हे आमच्या कामातल्या कुठल्याही बाईला विचारा. रात्रीतून दंड सुजला, सकाळी एक्स-रे काढला, हाडाला बारीक तडा निघाला. ब्याऐंशी वर्षांचं हाड ते.

संध्याकाळी निघताना मी सूनबाईंना सांगितलं होतं, सर घसरले, मी धरलं, दंडाकडे लक्ष ठेवा. त्यांच्या कानात ते मीटिंगचं यंत्र. मान हलवली त्यांनी. आता म्हणत होत्या, मला काही सांगितलेलं आठवत नाही.

आणि मग मी काय केलं? माझी मलाच अजून चीड येते. मी हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या हातून झालं, ताई. माफ करा."

हे आमच्यात असंच असतं. पेशंट सांभाळणाऱ्या बायकांना पहिल्या दिवसापासून जुन्या बायका शिकवतात. आपल्या ड्युटीत काहीही झालं, कप फुटला, ताप चढला, म्हातारं जेवलं नाही, की पहिलं वाक्य हेच. घरचे थंड होतात. काम टिकतं. खरंखोटं करत बसलात तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई उभी असते. मी हे वाक्य आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की ते आपोआप तोंडातून पडतं, ठेच लागल्यावर 'आई गं' निघतं तसं.

साहेबांचा मोबाईल अजून चालूच होता. आता फोटो नाही, व्हिडिओ.

दुपारी पोलीस चौकीत, साहेबांनी तक्रार केली म्हणून. साहेबांना खुर्ची, साहेबांना चहा. मला भिंतीकडेचा बाक होता, पण त्यावर फायली ठेवलेल्या. "बस खाली," हवालदार म्हणाला. मी फरशीवर बसले. तीन तास. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम करणारी माझी धाकटी बहीण, तिनं फोन करून सांगितलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'या बाईला कोणी कामावर ठेवू नये. वृद्धांना मारहाण करते.'

मारहाण! ज्या माणसाचं गू-मूत मी दोन वर्षं नाक न मुरडता काढलं, त्याला मी मारलं.

हवालदारानं काहीतरी लिहिलं, कागद पुढे सरकवला. "कर सही."

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. खोटं नव्हतं ते. त्या चष्म्यानं वाचवलं मला त्या दिवशी, अक्कल कुठे होती? तो वैतागला. "उद्या ये चष्मा घेऊन."

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, "लिहून दे काय पाहिजे ते आणि मोकळी हो. मोठी माणसं आहेत." बहिणीचं म्हणणं वेगळं. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मला रिक्षात घातलं आणि शिवाजीनगरच्या कोर्टात नेलं. तिथं बायकांना फुकट वकील मिळतो, हे तिला तिच्या कामावरच्या बाईंनी सांगितलं होतं. सगळ्याच बाया सारख्या नसतात, हेही लिहायला पाहिजे.

आम्हाला मिळाल्या त्या शेखबाई. पन्नाशीच्या, पेठेत वाढलेल्या, शब्दाला धार. मी बसल्या बसल्या रडायला लागले तर म्हणाल्या, "रडा. पण बोलता बोलता रडा, साडेअकराला माझी दुसरी तारीख आहे."

मी सांगितलं सगळं. 'माझ्या हातून झालं' इथं आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कोणापुढे म्हणालात? पोलिसांपुढे की घरच्यांपुढे?"

"घरच्यांपुढे. साहेबांनी व्हिडिओ काढलाय."

"अरे देवा. अहो, पोलिसांपुढे म्हणाला असतात तर ते कोर्टात चाललं नसतं. घरच्यांपुढचं चालतं. तुम्ही आयताच पुरावा दिलात त्यांना, तोही हात जोडून."

मी म्हटलं, "पण बाई, मी काही केलंच नाही."

"मग माफी कसली मागितलीत?"

आजवर कोणी विचारलंच नव्हतं तसं.

मग त्या भराभर सांगत गेल्या आणि बहीण माझ्या औषधांच्या पावतीमागे लिहीत गेली. चौकीत बोलावलं की जायचं, लपायचं नाही, पण बोलावणं लेखी मागायचं. नाव, गाव, पत्ता खरा सांगायचा. त्या दिवशी काय झालं विचारलं की म्हणायचं, वकिलांना विचारून सांगते. एवढंच वाक्य, दहादा विचारलं तरी दहादा. पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही लागतच नाही, कायद्यातच तसं आहे. तरी कागद पुढे केलाच तर वाचायचा, आणि कोऱ्या कागदाला तर हात लावायचा नाही. घरच्यांना फोन नाही, मेसेज नाही, दारात जाऊन पाया पडणं तर अजिबात नाही. "आणि मोबाईलमधलं काही पुसलंत?"

मी रात्री तेच करायला बसले होते. साहेबांचं नाव डोळ्यांसमोर नको झालं होतं. सगळं पुसून टाकणार, तेवढ्यात चार्जिंग संपलं.

"काय आहे त्यात?"

मी सांगितलं. सहा महिने मी साहेबांना आवाजी मेसेज पाठवत होते, की बाथरूममध्ये धरायला दांडा लावा, सर पडतील. त्यांचं लेखी उत्तरही होतं. 'टाइल्स नवीन आहेत. ड्रिलने तडा जाईल. बघू.'

शेखबाईंनी ते उत्तर दोनदा वाचलं. "टाइलला तडा," त्या म्हणाल्या. मोबाईल माझ्या हातात परत ठेवला, काही पुसायचं नाही म्हणून बजावलं. मग म्हणाल्या, "याच्यानं सुटालच असं समजू नका. खटला म्हणजे वर्षं जातात. कलम मोठं आहे, शिक्षा लागू शकते. मी खोटा धीर देत नाही कुणाला."

चौकीत दुपारी साहेब आधीच आलेले. हातात टाइप केलेला कागद. आवाज एकदम मऊ. "हे बघा, आम्हाला कुणाचं वाईट करायचं नाही. आपण एवढा माफीनामा द्या. मग आम्ही तक्रार पुढे नेणार नाही."

मी चष्मा घातला आणि वाचला. 'माझ्या निष्काळजी व हिंसक वर्तनामुळे...'

हिंसक. मी तो शब्द पुन्हा वाचला. हवालदार म्हणाला, "कर की बाई, कशाला ताणतेस?" बाहेर माझा नवरा उभा होता, मान हलवून हो म्हणत होता. अंगठ्यानं सहीची खूण करून दाखवत होता. खरं सांगते, हात पेनाकडे गेला होता. सही केली असती तर संध्याकाळी घरी भाकरी थापत बसले असते, आणि जन्मभर म्हाताऱ्या माणसाला मारणारी बाई झाले असते. स्वतःच्या सहीनं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "मी मारलं नाही. बाकीचं वकिलांना विचारून सांगते."

"आपण फार मोठी चूक करताय," साहेब म्हणाले.

"केली होती. काल. तुमच्या हॉलमध्ये."

मऊ आवाज गेला. "तुझी लायकी बघून बोल." दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला माणूस.

गुन्हा दाखल झाला. जामीन झाला, भाऊ जामीनदार राहिला. पेशंट सांभाळायचं काम कोणी देत नाही. मी आता मार्केट यार्डात लसूण निवडते, बोटं भाजतात. नवरा धड बोलत नाही. सर कसे आहेत कळत नाही, त्यांना कोण उठवतं, दांडा लावला का, काही कळत नाही. त्याचा त्रास होतो. खोटं कशाला सांगू, साहेबांच्या बोलण्यापेक्षा त्याचाच जास्त होतो.

मागच्या महिन्यात आरोप वाचून दाखवायची तारीख होती. बाहेर व्हरांड्यात माझ्यासारख्याच खूप जणी, खूप जण. एक काळा कोटवाला उगाच जवळ आला. "मावशी, कबूल करून टाका. पहिलीच वेळ आहे, हात जोडा, जजसाहेब दया करतील." माझ्या पुढच्या माणसानं तसंच केलं. आत गेला, हात जोडले, मान खाली. त्यानं खरंच काही केलं होतं की नाही, देव जाणे. त्याला कुणी विचारलं नसेल.

माझं नाव पुकारलं. मी आत गेले. लाकडी कठड्यापाशी उभी राहिले. साहेब आणि सूनबाई मागच्या बाकावर. जजसाहेबांनी आरोप वाचला, मराठीत, सावकाश. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

माझे हात कठड्यावर होते. ते मी तिथेच ठेवले. जोडले नाहीत.

"कबूल नाही," मी म्हणाले.

टायपिस्टनं ऐकलं नसावं. तिनं वर बघितलं.

मी आणखी मोठ्यानं म्हणाले.

"कबूल नाही."