थोरलीच्या ऐरणीहून बोटभर वर

रंगूबाई लग्न होऊन आली त्याला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. सोप्यात सासरा आणि त्याचे दोघं लेक भांडत होते. रंगूबाई आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज आड येतो म्हणून तिनं हात थांबवला आणि कान लावला. तव्यावरची भाकरी करपली, पण भांडण पुरं ऐकलं.

"ऐरण एकच हाय. ती थोरल्याची," सासरा म्हणाला. "धाकट्यानं भाता न्यावा."

"नुसत्या भात्यानं काय वारा घालून घिऊ?" हा नाथाजी, तिचा नवरा.

"ऐरण जागची हालत न्हाई. हत्यारं तिच्याकडं जात्यात. दर खंडेनवमीला तुजी हत्यारं घिऊन थोरल्या भाऊसोच्या दारात यायचं. पूजा तिथंच व्हईल."

झालं. लोहाराच्या घरात सासऱ्याचा शब्द म्हणजे घणाचा घाव. मधली गल्ली ओलांडून नाथाजीनं वेगळी भट्टी मांडली आणि ऐरणीच्या जागी भंगारातला रुळाचा तुकडा ठेवला.

बायका जावेच्या पाटल्यांवर जळतात, साडीवर जळतात. रंगूबाई जळायची लोखंडावर. सकाळी समोरून खण्ण आवाज यायचा आणि हिच्या दारात रूळ टप्प करायचा. घण तीच मारायची, नाथाजी सांडशीत लोखंड धरायचा. पण खुरपी केली काय नि कोयता केला काय, त्या खण्ण आवाजानं तिचा जीव खाली-वर व्हायचा.

आणि खंडेनवमी! हातोडा, सांडशी, छिन्नी घमेल्यात घालायची, घमेलं डोक्यावर घ्यायचं, गल्ली ओलांडायची. थोरली जाऊ बनुबाई आधी आपल्या हत्यारांना हळद-कुंकू लावायची, मग उरलेलं हिच्या हत्यारांना. म्हणायची, "ठिव गं तिकडं कडंला."

कडंला. पस्तीस वर्षं कडंला.

रंगूबाईच्या चंचीत सुपारीबरोबर एक पोलादी गोळी असायची, ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली. बनुबाई निवद आणायला आत वळली की ही वितीच्या उंचीवरून गोळी ऐरणीवर सोडायची. खरं पोलाद गोळी परत वर फेकतं, मऊ लोखंड गिळून टाकतं. थोरलीची ऐरण आठ बोटं फेकायची, घरचा रूळ पाच. दरसाल तेच. ती मोजायची, गोळी चंचीत घालायची, निवद खायची. निवद काही गोड लागायचा नाही.

नाथाजी गेला. लोकांना वाटलं आता भट्टी विझली. पण ऊसतोडीला कोयते लागतातच, आणि रंगूबाईच्या कोयत्याची धार हंगामभर टिकायची. जयपाल अण्णा नावाचे जैन शेतकरी सगळी खुरपी तिच्याकडंच द्यायचे. त्यांनी आपलं गुऱ्हाळ बंद केलं आणि उसाचा चरक मोडीत काढला. त्याचा मांडीएवढा जाड पोलादी दांडा बघून रंगूबाई जागीच बसली.

"अण्णा, ह्यो भंगारात घालू नका. मला द्या."

"आवं रंगूबाई, ह्येचा काय वरवंटा करणार हाय का तुमी?"

"ऐरण करणार हाय."

अण्णा हसले, पण दांडा दिला. वर कटरवाल्याकडून गुडघाभर उंचीला कापूनही दिला. रंगूबाईनं वरचं तोंड घासून सपाट केलं आणि गोळी सोडली. चार बोटं! रुळाहून वाईट.

मग तिनं तोंड भट्टीत लालभडक केलं आणि त्यावर घागरीनं पाणी ओतलं. नुसती वाफ झाली. एवढं जाडजूड पोलाद घागरीला काय भीक घालतंय? आतली धग पुन्हा वर आली आणि तोंड मऊच राहिलं. गोळी पाचावर थांबली. पलीकडून बनुबाईनं विचारलं, "काय गं रंगू, भात शिजवतीस का काय?"

त्या बोलण्यानं रंगूबाईला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती अण्णांच्या मळ्यात गेली. "मोटारीचं पाणी कसं येतं?"

"लाईट अकराला येती. आली की पाईप फुटंल असं येतं."

तिनं पाइपाच्या तोंडाजवळ खड्डा काढला, कोळसा भरला, दांड्याचं तोंड त्यात खुपसलं आणि नऊपासून भाता ओढत बसली. अकरा वाजले, लाईट नाही. साडेअकरा झाले. कोळसा संपत आला. "अण्णा, कुनाला तरी फोन लावा की!" ती ओरडली, आणि त्याच दमाला मोटार घुरघुरली. दोघांनी साखळीनं ओढून दांडा उभा केला. अण्णांनी पाईप वळवला आणि पाण्याचा लोट थेट त्या लाल तोंडावर कोसळला. वाफ आली नि वाहूनही गेली. पाणी पडतच राहिलं.

गार झाल्यावर रंगूबाईनं गोळी सोडली. आठ नव्हे, नऊ बोटं. खात्री म्हणून तिनं अकरा वेळा सोडली.

बाभळीच्या ओंडक्यात ठोकून बसवलेली ती ऐरण दुसऱ्या दिवशी खणखणली. बनुबाई दारात आली, ऐकलं, आणि आत गेली. रंगूबाईनं उगाचच आणखी चार घाव मारले. ऐरणीवर काही नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीची पूजा तिनं घरातच मांडली. सगळं झालं, पण पुरण तिनं तसंच ताटात ठेवलं. समोर बघायला कुणी नव्हतं. जळायला कुणी नसलं की सण अळणीच.

पुढच्या वर्षापर्यंत भाऊसोनं अंथरूण धरलं. त्याच्या लेकानं बापाची हत्यारं भंगारवाल्याला घातली. ऐरण तेवढी उचलेना म्हणून राहिली. खंडेनवमीच्या सकाळी रंगूबाईनं आधी घरच्या ऐरणीला हळद लावली. मग हातोडा, सांडशी, छिन्नी घमेल्यात घातली आणि गल्ली ओलांडली. दिवाळीआधीच रंगूबाई वारली, त्यामुळं तो तिचा शेवटचा फेरा ठरला.

बनुबाई ऐरणीपुढं मोकळीच बसली होती.

"तू कशाला आलीस? तुझी ऐरण हाय की."

"मग तुझ्या ऐरणीपुढं काय मोबाईल ठिवनार व्हतीस, आक्का?"

बनुबाईनं ताट पुढं ओढलं. "ठिव," एवढंच म्हणाली. कडंला म्हणाली नाही. हत्यारं मधोमध मांडली गेली, ताटातली पहिली हळद त्यांना लागली. मग ती निवद आणायला आत वळली.

रंगूबाईनं चंची सोडली, वीतभर उंचीवरून गोळी टाकली आणि बोटं मोजली. आठच. तिनं गोळी चंचीत घातली, निवद खाल्ला, आणखी थोडा मागून घेतला, घमेलं डोक्यावर घेतलं आणि गल्ली ओलांडून घरी आली.