इसबगोलाची फक्की

“मॅडम, तुमच्या पावडरीनं आईचं पोट नगाऱ्यासारखं झालंय,” मल्लिनाथ माझ्या केबिनच्या दारातूनच म्हणाला. मागं व्हीलचेअरवर त्याची आई, महादेवीमावशी. एक हात पोटावर, तोंडाला पदर.

मी सोलापुरात एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. पेशंटनं काय खावं, ते ठरवून देते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. उजनीच्या काठावरच्या आमच्या गावात मला ‘पोटाची डॉक्टरीण’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून दमले. पण माझं काम मला येतं, हेही सांगते.

मावशी मंद्रूपच्या. घरी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायच्या आणि नवी पेठेत विकायला बसायचं, हा त्यांचा धंदा. पोट साफ होत नाही म्हणून मागे माझ्याकडे आल्या होत्या. जेवणानंतर जिरं घातलेलं ताक, रात्री भिजवलेली अंजिरं, रोज एक पालेभाजी आणि झोपताना ग्लासभर पाण्यात इसबगोल, असं मी सांगितलं होतं. इसबगोल म्हणजे एका बीचं साल. ते पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ करतं. साधं, नेहमीचं औषध. मग हे उलटं कसं झालं?

सर्जन सरांनी एक्स-रे पाहिला. आतडं पूर्ण बंद नव्हतं, पण मळ घट्ट अडकला होता. आत गाठही असू शकते, म्हणाले. संध्याकाळपर्यंत मोकळं झालं नाही तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

मल्लिनाथ माझ्याकडे वळला. त्याचे वडील पोटाच्या ऑपरेशनला आत गेले, ते परत आलेच नव्हते. “आईला टेबलावर घेऊ नका मॅडम,” एवढंच म्हणाला.

मी मावशींजवळ जाऊन बसले. ताक? घेत होत्या. अंजिरं? खात होत्या. इसबगोल? एक रात्र चुकवली नव्हती. मी त्यांच्या हातात रिकामा चमचा आणि पाण्याचा ग्लास दिला. म्हटलं, प्यायचं काही नाही, घरी कसं घेता ते नुसतं दाखवा.

मावशींनी चमचा तळहातावर उपडा केला, मान मागं टाकली, तळहात तोंडावर आपटला. ग्लास ओठाला लावल्यासारखा केला आणि खाली ठेवला. फक्की मारली. आपल्याकडे पोट दुखलं की ओवा खातात, तशी.

“मावशी, पाण्यात कालवून घ्यायचं सांगितलं होतं ना?”

“कालवलं की लई बुळबुळीत हुतंय गं. गिळवत न्हाय.”

“आणि दिवसभर पाणी किती पिता?”

“पाणी पिऊन काय करू? पेठंत बाईमाणसानं जायाचं कुटं?”

सगळा उलगडा झाला. सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत मावशी घोटभर पाण्यावर राहायच्या. कोरडं इसबगोल आत जाऊन होतं तेवढं पाणी शोषून घ्यायचं आणि गोळा होऊन बसायचं.

मी सरांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “शक्य आहे. पण गाठ नाही, हे मी नंतर दुर्बिणीनं बघणारच.” इसबगोल बंद. सलाइन लावलं, एनिमा दिला. आता वाट बघायची.

दिवस मावळता मावळता वॉर्डमधून सिस्टरचा फोन आला. “मॅडम, मावशींचं झालं. चांगलं झालं.” मी खुर्चीत मागं टेकले. वर गेले तर सकाळी माझ्या पावडरीच्या नावानं खडे फोडणारा मल्लिनाथ कॉरिडॉरमध्ये फोनवर फोन लावत होता. “आईला झालं! व्हय, व्हय, झालं!” पोरगा झाल्यासारखं सांगत होता. ऑपरेशन टळलं. पुढं दुर्बिणीतूनही गाठ निघाली नाही.

घरी जाताना मी मावशींना बजावलं, मी सांगेपर्यंत इसबगोलाला हात लावायचा नाही. पाणी मात्र प्यायचंच. मग त्यांनी भीड सोडून शेजारच्या कापड दुकानदारिणीला विचारलं. त्या बाईनं मागच्या संडासाची किल्लीच देऊन टाकली. इतकी वर्षं विचारलं का नाही, म्हणून वर रागावली.

तपासणीला आल्या तेव्हा पाण्याची बाटली पिशवीतून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. “एवढी शिकलीस, पर माणूस खातंय कसं त्ये आदी बघावं की.”

आता माझ्या टेबलावर ग्लास आणि चमचा कायम असतो. औषध सांगून झालं की पेशंटला म्हणते, घेऊन दाखवा. बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू दे. ऑपरेशनला याहून जास्त वेळ लागतो.