पालथ्या थाळीवरचं नाव

मोर्शीच्या बस स्टँडवर बाबांनी माझ्या हातात बांगड्यांचं खोकं दिलं. जबलपूरच्या मामीसाठी हिरव्या बांगड्या, गवतात घालून बांधलेल्या. मग दोन गोष्टी सांगितल्या. "कोणाशी भांडू नको. अन् घरी येशील तं कळवून येत जा, उगाच धांदल होते." आई खोक्याची सुतळी ओढून बघत होती, सैल तर नाही ना म्हणून. दादा, तू आला नव्हतास. बाजाराचा दिवस होता, दुकानावर कोणीतरी हवं होतं.

मी रडलो नाही. रागात होतो. आदल्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते, "बांगड्यांचं दुकान एकालाच पोसते." तो एक कोण, हे मला कोणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी भाव करण्यात मी तुझ्यापेक्षा बरा होतो, हे बाजारातल्या बायकासुद्धा सांगत. पण थोरला तू. तो राग अजून शिल्लक आहे. लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो. जे माझ्यासारखे घर सोडून गेले त्यांना हे सांगावं लागणार नाही. जे मागे राहिले त्यांनी निदान वाचावं.

गोंदियाहून पुढे छोटी लाईन, अरुंद रुळांची गाडी होती. डबा इतका हलायचा की खोकं मी मांडीवरून खाली ठेवलंच नाही. तरी मामीने ते उघडलं तेव्हा अर्ध्याअधिक बांगड्या फुटल्या होत्या. मामी हसली. "अच्छा, जाऊ दे. तू तर साबूत आला न!" ती जबलपूरचीच. तिचं मराठी दर चार शब्दांनी हिंदीला टेकायचं.

मामा कारखान्यात होता. तिथे काय बनतं ते घरात बोलायचं नाही, असा दंडक. कारखान्याचा भोंगा झाला की सगळी क्वार्टरं उठायची, भोंगा झाला की जेवायची. मोर्शीला मी उन्हावरून वेळ ओळखायचो. इथे ते बंद झालं. मामाने मला कॉलेजात घातलं, त्याच्या घरात पडवीत माझी खाट होती. कोणी कधी वाईट बोललं नाही. पण मामाला पाळ्या, मामीला लहान मुलं, आणि मी त्यांच्या ताटातला वाटेकरी. हे मला कळायचं, म्हणून मी दुपारी घरी जेवायला जाणं टाळायचो. उपास आहे सांगायचो. मामीने एकदा विचारलंच, "इतके उपास करून राहिला, काहून? संन्यास घेतो का?"

अशात युनिव्हर्सिटीच्या छात्रसंघाशी माझा संबंध आला. मला आधी वाटायचं, छात्रसंघ म्हणजे निवडणुका आणि नारे. पण तिथे एक निराळीच रीत होती. दरवर्षी नवा संघ निवडून यायचा आणि विद्यार्थ्यांसाठी काहीतरी एक सोय करून तिच्यावर आपल्या नावाची पाटी ठोकायचा. एका वर्षी वाचनखोली झाली. एका वर्षी सायकल स्टँडवर पत्रे आले. एका संघाने मुलींच्या खोलीत उभा आरसा लावला, आणि आरशाच्या चौकटीवरच अध्यक्षांचं नाव रंगवलं. मुली वेणी घालताना ते नाव वाचत. पुढच्या वर्षीचा संघ मागच्यांच्या सोयीकडे ढुंकून बघायचा नाही. पत्रे उडाले तर उडाले. पाटी मात्र कोणी काढायचं नाही, कारण उद्या आपलीही काढतील.

मला त्यांनी सुविधा सचिव केलं ते प्रेमाने नाही. संमेलनाच्या मांडववाल्याशी मी एकदा असा भाव केला होता की तो मांडव टाकून वर खुर्च्याही फुकट देऊन गेला. अध्यक्ष महेश भैया, मोठ्या वकिलाचा मुलगा, मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मधुकर जी, आप तो हमारी तरफ ही रहिए."

मला काय सोय करायची ते मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेमागे एक कोठी होती, मोडक्या बाकांनी भरलेली. ती मी मागून घेतली. बाक लाकूडवाल्याला दिले, बदल्यात त्याच्याकडून जळण ठरवलं. भाजीवाल्याशी ठरवलं की दुपारच्या आत जे विकलं जाणार नाही ते आमचं. स्वयंपाकाला बरगीकडच्या एका गावातली जमनाबाई आणली. तिने पहिल्या दिवशी चूल बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, "लला, चूल्हा तो ठीक है, तुम बहुत धुआँ देते हो." अशी आमची मेस सुरू झाली. डाळ, भात, भाजी, पोळी. पाटीबिटी काही नव्हती.

मग लढाई आली. खिडक्यांना काळे कागद लागले. कारखान्यात दिवसरात्र काम सुरू झालं आणि माणसं कमी पडली, तेव्हा कॉलेजातली बरीच पोरंही पाळीवर लागली. सकाळची पाळी करून ती दुपारी उन्हं कलताना यायची, तोवर घरची चूल विझलेली असायची. काहींना तर घरच नव्हतं. बालाघाट, शिवनी, कुठून कुठून आलेली होती. त्यांच्यासाठी मेसमध्ये एक पद्धत पडली. जेवून झालं की पोराने आपली अॅल्युमिनियमची थाळी धुवायची, तिच्या पाठीवर खडूने नाव लिहायचं आणि फळीवर ठेवायची. म्हणजे उद्या मी येणार. दुसऱ्या दिवशी जमनाबाई ताट वाढायची आणि त्याच्यावर ती नाव लिहिलेली थाळी पालथी घालायची. कोणी कितीही उशिरा येवो, आपलं नाव शोधायचं, थाळी उचलायची, खाली जेवण. विचारायचं नाही, मागायचं नाही.

मी पाळीवर नव्हतो. तरी रोज माझंही नाव लिहायचो.

लढाई थांबली, पण कारखाना थांबला नाही. हिवाळ्यात, संमेलनाच्या आधी, कुलगुरू वर्षभराच्या सोयी बघायला निघाले. ही पण दरवर्षीची रीत. महेश भैया पुढे, बाकीचे मागे. नेमकं त्याच दिवसांत कारखान्याने पोरांना पाळीवरून सोडलं नव्हतं. फाटक बंद, आतून निरोप नाही. जमनाबाई रोजच्यासारखी ताटं वाढून थाळ्या पालथ्या घालत होती. कोणी येत नव्हतं. संध्याकाळी ते अन्न ती गाईला घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढायची. मी म्हटलं, "बाई, नका वाढू." ती म्हणाली, "नाम तो मिटाया नहीं किसी ने."

कुलगुरू आत आले. भिंतीशी झाकलेल्या ताटांची ओळ आणि खोलीत एकही जेवणारा नाही. त्यांनी विचारलं, हे कोणासाठी? मी बोलायच्या आत महेश भैया हसून म्हणाला, "सर, हमारे मधुकर जी भूतों को खिलाते हैं."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "भूत नहीं हैं, पाली पर गए हैं! तुम्हारे लिए तोप बना रहे हैं!" जे घरातसुद्धा बोलायचं नाही ते मी कुलगुरूंसमोर बोललो. बाहेर पडताना ते अध्यक्षांना म्हणाले की अन्न वाया जातं आहे, खोली रिकामी आहे, तिथे टेबल टेनिस ठेवता येईल.

म्हणजे मेस गेली. पोरं पाळीवरून येणार, आणि थाळ्यांच्या जागी त्यांना टेबल दिसणार. त्यात मीही होतो. मी परत मामीला उपास सांगायला लागणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी महेश भैयाला नदीवर, ग्वारीघाटावर घेऊन गेलो. तिथल्या पायऱ्यांवर बसलं की माणूस जरा मऊ होतो, हा माझा अनुभव होता. फुलवाल्यांशी भाव मी तिथेच करायचो. त्याला मेसशी वैर नव्हतं. त्याला पाटी हवी होती. टेबल टेनिसवर त्याचं नाव लागलं असतं. मेसवर काय लागणार, ती तर माझी म्हणून सगळ्यांना माहीत होती. हे मी ओळखलं आणि माल पुढे ठेवला. म्हटलं, मेसवर तुझी पाटी लाव. संमेलनात उद्घाटन कर. कुलगुरूंना फीत कापायला लाव.

तो म्हणाला, "पर चल तो साल भर से रही है."

"तो क्या हुआ? फीता तो नहीं कटा."

पक्का होता तोही. म्हणाला, "और आप?"

मी म्हटलं, मी मंचावर येणार नाही. माझं नाव कोणी घेणार नाही, मीही सांगत फिरणार नाही. फक्त मेस पुढच्या वर्षीही राहील आणि पालथ्या थाळ्यांना कोणी हात लावणार नाही, एवढं तू कुलगुरूंकडून सगळ्यांसमोर वदवून घे. आणि पुढच्या संघाला पाटी काढता येत नाही, तशी पाटीखालची चूलही विझवता येणार नाही, असं त्यांच्याच तोंडून येऊ दे.

सौदा झाला. मी केलेल्या सौद्यांतला तो सगळ्यात चांगला. त्यानंतर मी हार्डवेअरचं दुकान टाकलं, वाढवलं, मोठमोठ्या लोकांना नमवलं, पण असा सौदा पुन्हा जमला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी बाहेर भाषणं चालली होती आणि मी आत जमनाबाईबरोबर पुऱ्या लाटत होतो. अध्यक्षांच्या दूरदृष्टीबद्दल कोणीतरी बोलत होतं. जमनाबाई कढईवरून मान न उचलता म्हणाली, "काहे लला, ब्याह तुम्हारा और घोड़ी पे कोई और?" राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. हात लाटत होते. कुलगुरूंनी ठरलेला शब्द दिला, टाळ्या वाजल्या, तेवढ्यात मागच्या दाराने पाळीवरून सुटलेली पोरं आली. तेलाने काळी झालेली, डोळे आत गेलेले. कोणी मला काही विचारलं नाही. आपापली नावं शोधली, थाळ्या उचलल्या आणि जेवायला बसली. बाहेर भाषण चालूच होतं.

ते वर्ष संपल्यावर, उन्हाळ्यात, मला वाटलं घरी जावं. बाबांना हा सौदा सांगावा. मोर्शीत दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळणार नव्हतं. बाबांना कळलं असतं. मी कळवलं नाही. तसाच निघालो.

दादा, तुला ती दुपार आठवत नसेल. तुमची सगळ्यांची जेवणं झाली होती. वहिनी भांडी घासत होती, तू दुकानात जायला टोपी घालत होतास. आई दारात आली आणि तिचा चेहरा उजळला, हे मी पाहिलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "अरे, कळवून यायचं ना! वाढून ठेवलं असतं." लगेच तिने चूल पेटवली, पिठलं टाकलं. पिठलं चांगलं होतं. मी जेवलो. बाबा समोर बसले आणि मी त्यांना सगळं सांगितलं, कोठीपासून पाटीपर्यंत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "नाव देऊन टाकलं. मंग तुले काय भेटलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. न विचारता कोणीतरी माझ्या नावाची थाळी पालथी घालून ठेवतं, ते. पण त्याच घरात, नुकतंच पिठलं खाऊन, ते मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. आईला वाटलं परीक्षा आहे. त्यानंतर मी कधीही न कळवता आलो नाही. बाबा गेले तेव्हा आलो, आई गेली तेव्हा आलो; पोचल्यावर ताट तयार होतं. तुम्ही चांगलेच वागलात. माझ्या आत मात्र काही हललं नाही, दोन्ही वेळा. पाहुण्यासारखा बसलो आणि निघालो.

आता जबलपुरातच, विजय नगरात माझं घर आहे. नातवंडांना मराठी कळतं, बोलत नाहीत. मामा-मामी गेले. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत पोचत नाही. गेल्या महिन्यात युनिव्हर्सिटीत एका माणसाकडे काम होतं. काम उरकेपर्यंत दुपार टळली. पाय आपोआप प्रयोगशाळेमागे गेले. पाटी आहे. महेश भैयाचं नाव पुन्हा रंगवलं आहे, कोणीतरी दरवर्षी रंगवत असावं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला पुन्हा तोच जुना राग आला, अगदी ताजा. सौदा माझाच, शब्द माझाच, तरीही.

आत गेलो. भिंतीशी ताटं झाकलेली होती. थाळ्या आता स्टीलच्या, नावं मार्करने लिहिलेली. दवाखान्यात ड्यूटी करणाऱ्या मुली, कुठे डिलिव्हरी करणारी पोरं, असे उशिरा येणारे. वाढणारी मुलगी म्हणाली, "अंकल, अभी बंद हो गया. पर रुकिए." तिने आत जाऊन उरलेलं वाढून आणलं. मी तिला विचारलं, ही थाळ्या झाकायची पद्धत कोणाची? ती म्हणाली, "पता नहीं, हमेशा से है." आणि मग मार्कर हातात घेऊन, "कल भी आएँगे? क्या नाम लिखूँ?"

शब्द दिला होता की माझं नाव मी सांगत फिरणार नाही. म्हटलं, "नहीं बेटा, कल नहीं." जेवलो, थाळी धुतली, पालथी ठेवली.

दादा, तू लिहितोस की दुकान बंद केलं, वहिनी गेल्यापासून घरात करमत नाही, आणि जबलपूरला एकदा यावं म्हणतोस. कधी आलं तर सोयीचं पडेल, असं विचारतोस. दुकानाचा राग माझ्यात आहे तसाच राहील, तो तुला इथेही भेटेल. पण येण्याचं म्हणशील तर तारीख ठरवू नकोस, कळवू नकोस. तुझ्या नावाची थाळी मी आजपासून स्वयंपाकघरात ठेवली आहे. दुपार टळून गेली असली तरी ये.