ताईने जमीन भिजवली

माझी थोरली बहीण शिवणकाम करते आणि कुणाच्याही कापडाला भिजवल्याशिवाय कात्री लावत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कापड आधी बादलीत जाणार, मग दोरीवर, मग त्याला टेप लागणार. "आधी आटू दे, मग बेतू," हे तिचं ठरलेलं वाक्य. गल्लीत तिला मागून 'आटू दे' म्हणतात. मी तोंडावर म्हणते. तिला राग येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

भाड्याच्या एका खोलीत तिचं मशीन आणि तिथेच तिचा संसार. पावसाळ्यात त्या खोलीचं दार अडकायचं. दोष दाराचा नव्हता. खालची जमीन पाणी पिऊन फुगायची, भिंत उचलायची आणि चौकट तिरकी व्हायची. उन्हाळ्यात तीच जमीन आटली की भिंतीला चीर. ताई दरवर्षी चीर बुजवायची, ती दरवर्षी उघडायची. दार लावायचं तर कमरेने धक्का मारावा लागे. धक्के मारून मारून बाईची कंबर गेली, दार काही सुधारलं नाही. "एकच हवंय गं मला," ती म्हणायची, "एका बोटाने लागणारं दार. आणि तेही माझं स्वतःचं."

पुष्कळ वर्षं वणवण केल्यावर एक प्लॉट तिच्या आवाक्यात आला. रस्त्याला लागून, वर छान लालसर मुरूम पसरलेला. मला तर बघताक्षणी आवडला.

"इसार देऊन टाक," मी म्हटलं. "नाहीतर दुसरं कुणीतरी उचलेल."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," ताई म्हणाली आणि फाटकापाशी बसून खुरप्याने उकरायला लागली. लाल थर वीतभरच होता. खाली काळीभोर, चिकट माती निघाली.

"ठिगळ बेमालूम लावलंय हं," ती प्लॉट दाखवायला आलेल्या दलालाला म्हणाली.

"मावशी, घर बांधायचंय की मडकी घडवायचीत?" दलाल हसला. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं.

तिने मातीचं एक ढेकूळ पिशवीत घालून घरी आणलं, भिजवलं, मळलं, साबणाच्या डबीत गच्च दाबलं आणि खिडकीत वाळत ठेवलं. माती वाळली तशी डबीच्या कडा सोडून आत सरकली आणि मधोमध तडकली. ताईने टेप लावून पाहिला. मग मशीनवर जाऊन बसली, पण पायडल काही हलेना.

"या खोलीखाली आहे ना, तीच माती ही," ती म्हणाली. "स्वतःच्या घराचं दारही मी कमरेनेच ढकलायचं का गं?" आणि ती रडायला लागली. ताई रडते हे मला माहीतच नव्हतं. माझा जीव नुसता तुटला, आणि जीव तुटला की मला राग येतो.

"जळलं मेलं ते भिजवणं!" मी ओरडले. "ऊठ. नाहीच म्हणायचं असेल तर त्यातलं कळणाऱ्या माणसाला म्हणू दे."

डबीसकट तिला ओढतच मी माती तपासणाऱ्या इंजिनिअर बाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, बुटांना चिखल, टेबलावरही चिखल. त्यांनी डबी उलटीपालटी करून पाहिली.

"अहो, आम्हीही असंच करतो," त्या खूश होऊन म्हणाल्या. "फक्त आमची डबी महाग असते. कुठली माती ही?"

"फाटकाजवळची," ताई म्हणाली.

"आणि बाकीच्या जागेतली?"

ती काही ताईने आणलीच नव्हती. अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. "काय गं," मी म्हटलं, "अख्खा तागा एका टोकावरून पारखतेस का कधी?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला.

बाईंनी प्लॉटवर ठिकठिकाणी खड्डे घ्यायला लावले. पुढे माणूस उभा बुडेल इतकी काळी माती. मधेही तेच. मागच्या कुंपणाजवळ मात्र गुडघाभर खोलीवरच पहार खणकन वाजली. खाली कडक मुरूम! त्यात पाणी ओतलं, ते मुकाट्याने झिरपून गेलं.

"घर इथे, मागे बांधा," बाई म्हणाल्या. "पाणी पायापासून लांब काढा. पुढे बांधाल तर पाया इतका खोल न्यावा लागेल की वर घर बांधायला काही उरणार नाही."

"मागे कुणी दुकान थाटतं का?" दलाल म्हणाला. "गिऱ्हाईक येणार कसं?"

"चालत," ताई म्हणाली. "पुढे मी बाग करीन. झाडांना फुगणारी जमीन चालते. त्यांना कुठे दारं असतात?"

घर झालं. पुढच्या काळ्या मातीत पेरू, लिंबू आणि गुलाब असे माजलेत की गिऱ्हाईक माप द्यायला येतं आणि कलम मागून जातं. नव्या घरातल्या पहिल्याच पावसाळ्यात आठवडाभर झड लागलेली असताना मी तिच्याकडे गेले. दगडी पायवाटेवरून घसरत, चिखलाला शिव्या घालत आत शिरले आणि जुन्या सवयीने वळून दाराला कमरेचा सणसणीत धक्का दिला. दार धाडकन लागलं आणि त्याच्यासोबत मीही जाऊन आदळले.

ताई मशीनवर हसून हसून वाकली. मग उठली, दार पुन्हा सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिली.

"बोट लाव," ती म्हणाली. "एकच."